हरवंडे बंदराची नोंद: घाट, बैल आणि वखारी

हरवंडेच्या नकाशाचं किनाऱ्याकडचं काम संपलंय. खाडी, मुखाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा, धक्का, टेकडीवरचा कोट, सगळं जागेवर बसलं. नव्यांसाठी सांगतो: हे बंदर पूर्णपणे काल्पनिक आहे. पूर्णगड आणि जैतापूर यांच्या मधे एक जादा खाडी कोरून मी ते तिथे ठेवलंय. बाकीचा कोकण जसा आहे तसाच, त्यामुळे राजापूर हा हरवंडेचा सख्खा शेजारी आणि हाडवैरी. दोघांच्या पाठीशी घाट एकच, अणुस्कुरा.

या खेपेला सगळा वेळ त्या घाटातच गेला. काल्पनिक बंदरं रचताना आपण गलबतं, तोफा, दीपस्तंभ यांत रमतो आणि माल पुढे कुठे जातो हे विसरतो. कोकणात तर बंदरामागे भिंतीसारखा सह्याद्री उभा. म्हणून सरळ हिशेब मांडला. गलबत जास्तीत जास्त सत्तर टनांचं, गुराब त्याहून बरीच मोठी, दीडशे ते तीनशे टनांपर्यंत. लादलेला बैल घाट चढताना सव्वाशे किलोच्या आसपास नेईल असं धरलं. म्हणजे एक भरलेलं गलबत रिकामं करायला सहाशेच्या जवळपास बैल लागले. तांड्याची चाल दिवसाला दहा-बारा किलोमीटर आणि कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. जाऊन-येऊन, विसावा धरून तीन आठवडे सहज जातात. दसऱ्यापासून मृगापर्यंत अशा फार तर दहा फेऱ्या होतील. थोडक्यात, सहाशे बैलांचा तांडा वर्षाला दहा गलबतांचा माल वर पोचवतो, त्याहून जास्त नाही.

शंभर गलबतांचं बंदर हवं असेल तर सहा हजार बैल आले. ते खाणार काय? सड्यावरचं, म्हणजे किनाऱ्यामागच्या कातळाच्या पठारावरचं, गवत पावसाळ्यानंतर तरारून येतं आणि माघापर्यंत वाळून कोळ होतं. त्यामुळे हरवंडेची मर्यादा धक्क्याच्या लांबीवर ठरत नाही, सड्यावरच्या गवतावर ठरते! मी आता नकाशात कुरणं आखली आहेत आणि बंदराच्या वहीत चराईची वेगळी बाब टाकली आहे. हरवंडेतलं पहिलं मोठं भांडण कुठल्या सरदारांचं नाही, गुरचराईवरून वाडी आणि लमाण तांडा यांच्यात झालेलं आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दोन हंगामांच्या फटीत सापडली. नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा होतो, भाद्रपदात गलबतं लागायला लागतात. घाटातला चिखल मात्र दसऱ्याशिवाय वाळत नाही. मधले दीड-दोन महिने माल येतोय आणि वर जाणारा एकही बैल नाही. खजूर, तांबं, मसाले सगळं वखारीत पडून. नाखव्याला तर लगेच पैसे हवेत, कारण त्याला परतीचा माल भरायचाय. ते पैसे देणार कोण? वखारवाला. तोच सावकार, तोच पेढीवाला. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यावर हुंडी लिहून तो नाखव्याला मोकळा करतो आणि माल स्वतःच्या कुलपात ठेवतो. हरवंडेवर खरं राज्य कुणाचं, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. कोटात कुणाचंही निशाण असो, दोन महिने सगळं गाव वखारवाल्याच्या किल्लीवर चालतं.

घोड्यांचं प्रकरण या हिशेबात मजेशीर बसलं. घोडा हा असा माल आहे की तो वखारीत थांबत नाही आणि त्याला बैलही लागत नाही, स्वतःच्या पायांनी घाट चढतो. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला, तो याच धंद्यात. बहमनी काळात हरवंडेची भरभराट मी या घोड्यांवर ठेवली आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा आणि 1515 मध्ये होर्मुझ घेतलं आणि घोड्यांची जहाजं गोव्याकडे वळवायला लागले. कार्ताझ नावाचा त्यांचा परवाना नसेल तर जहाज जप्त. हरवंडेतल्या घोड्यांच्या पागा त्यानंतर वखारी झाल्या. नकाशात पागेची गल्ली मी तशीच ठेवली आहे, आता तिथे सुपारी वाळते.

जकातीचा भाग थोडक्यात. खारेपाटणच्या 1008 च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण, म्हणजे त्या काळचं सोन्याचं नाणं, देवस्थानाला लावून दिलाय. म्हणजे कर मालावर नाही, जहाजावर. साहजिकच मोठं जहाज स्वस्त पडतं. हरवंडेचा सर्वात जुना थर मी याच नियमावर चालवतो, पुढे आदिलशाहीत मालावर जकात सुरू होते आणि लहान मचवेवाल्यांना बरे दिवस येतात. नाण्यांत होन आणि लारी, म्हणजे केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली ती चांदीची तार. चौल-दाभोळकडे चालायची, तर इथेही चालेलच.

मिठावर मात्र रेंगाळणार. घाटावर जाणाऱ्या तांड्याची कायमची भरती म्हणजे मीठ. शिवाजी महाराजांचं 1671 चं कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल: पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. आपल्या मिठागरांना सांभाळायचं इतकं स्वच्छ धोरण दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतं. माझ्या हरवंडेला या एका पत्राने वीस वर्षांचं बरं आयुष्य दिलं. खाजणात मिठागरं वाढली आणि मिठाबरोबर खारवलेली मासळीही वर जायला लागली. वहीतलं एक पान असं लिहून पाहिलं (मापारी म्हणजे माल मोजून देणारा):

«कार्तिक वद्य अमावास्या. उधाणाला दोन गलबतं आत. एकावर खजूर, एकावर तांबं. मीठ साठ खंडी तांड्यास दिलं, मापारी आमचा. एक बैल पाय मुरगळून बसला, त्याचं मीठ वखारीत परत, हमाली कुणी द्यायची यावर वाद.»

खंडीला वीस मण, मणाला चाळीस शेर, हे धरून बेरजा जुळवल्या आहेत. अमावास्या मुद्दाम घातली. दांड्यावरून भरलेलं गलबत उधाणालाच आत येतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला टेकतं. त्यामुळे बाजार अमावास्या-पौर्णिमेला फुलतो आणि व्याजही पंधरवड्याने मोजलं जातं.

शेवटाचं फक्त टिपण आहे. तोवर परवाना आंग्र्यांचा दस्तक असतो. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग आणि 1756 मध्ये विजयदुर्ग पडल्यावर तो निरुपयोगी होतो. 1830 मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, 1863 मध्ये रेल्वे. वरचा माल थेट मुंबईला जायला लागला आणि हरवंडेचे बैल बेकार झाले. गाळ त्या आधीपासून साचतोच आहे. लढाईत बंदर बुडवण्याचा मोह आवरला, कारण कोकणातली बहुतेक जुनी बंदरं अशी हळूहळूच ओसरली.

पुढच्या खेपेला माणसं. खारवी, गाबीत, भंडारी, दालदी, भाटिये, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली तेली, कुणाची वाडी कुठे हे ठरवायचंय. मापारी कुणाच्या पदरचा असावा, सरकारच्या की वखारवाल्याच्या, यावर तुमचं मत हवंय. मी सध्या वखारवाल्याच्या बाजूने झुकलोय, कारण भांडणं जास्त होतील.