अँटिबॉडी भरपूर, तरी हाड का झिजतं?

हिरड्यांचा जुना आजार असलेल्या माणसाच्या रक्तात तोंडातल्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी सहसा भरपूर सापडतात. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या कुप्रसिद्ध जंतूविरुद्धची आयजीजी (रक्तातली मुख्य प्रकारची अँटिबॉडी) तर निरोगी माणसापेक्षा बरीच वाढलेली असते. शरीराने जंतू ओळखला आहे, तरी दाताभोवतीचं हाड झिजतच राहतं.

अडचण जागेची आहे. जंतूंचा थर बसतो दाताच्या पृष्ठभागावर. तिथे रक्तवाहिनी नाही, आणि त्वचेसारखा वरचा थर गळून पडत नाही. अँटिबॉडी तिथे पोचते ती हिरडी आणि दात यांच्या फटीत झिरपणाऱ्या द्रवातून. थराच्या बाहेरचे सुटे जंतू तिच्या हाती लागतात, आतले चिकट आवरणात सुरक्षित. लाळेतली आयजीए ही दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी जंतूंना चिकटू न देण्याचं काम करते, पण हिरडीखाली तिचा फारसा उपयोग नाही.

आयजीजी स्वतः जंतूला मारत नाही. ती त्याला चिकटते, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिनं जागी होतात आणि मग न्यूट्रोफिल ही पांढरी रक्तपेशी त्याला गिळते. जिंजिव्हॅलिस नेमकी हीच साखळी तोडतो. त्याची जिंजिपेन नावाची एन्झाइम आयजीजीचे तुकडे करतात, कॉम्प्लिमेंटची प्रथिनंही कापतात. त्यातलं सी५ कापलं की सी५ए तयार होतं आणि ते आणखी पेशींना बोलावतं, म्हणजे सूज वाढते. या जंतूला प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातलं हीम (लोह असलेला घटक) लागतं. सुजलेली, रक्त येणारी हिरडी दोन्ही पुरवते. (इतका धूर्त भाडेकरू विरळाच.)

अँटिबॉडीची संख्या आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी. जंतूला घट्ट धरून न ठेवणारी आयजीजी चाचणीत आकडा वाढवते, कामात मात्र कमी पडते. आणखी एक: जुन्या जखमेतल्या हिरडीत प्लाझ्मा पेशींची गर्दी असते, म्हणजे अँटिबॉडीचा एक कारखाना तिथेच चालू असतो. त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून फटीतली परिस्थिती सरळ कळत नाही.

स्केलिंग आणि रूट प्लॅनिंगनंतर, म्हणजे दात आणि त्यांची मुळं खरवडून साफ केल्यावर, तर हा आकडा आणखी फसवतो. साफसफाईत काही जंतू रक्तात शिरतात आणि शरीराला जणू लसच टोचली जाते. त्यामुळे कित्येकांत आधी आयजीजी वाढते, नंतर काही महिन्यांत उतरते. आयजीजीचं अर्धायुष्यच साधारण 3 आठवडे आहे, तेव्हा जंतू कमी झाले तरी आकडा लगेच पडत नाही. चढलेला आकडा पाहून 'उपचार फसला' म्हणणं घाईचं आहे.

निदान अजूनही प्रोबनेच (हिरडी आणि दात यांच्या फटीची खोली मोजणाऱ्या बारीक सळईने) होतं, रक्ताच्या चाचणीने नाही. प्रत्येक दाताच्या 6 जागा मोजायच्या. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त आणि सोबत रक्त, तर लक्ष द्यायलाच हवं. हाड किती गेलं ते एक्स-रेवर दिसतं. उपचारानंतर फेरमोजणी साधारण 3 महिन्यांनी करावी, फार लवकर प्रोब घातला तर भरत आलेली ऊती दुखावते. धूम्रपान करणाऱ्यांत रक्त कमी येतं, म्हणून आजार झाकला जातो. त्यांची आयजीजी२ ही उपजात कमी असल्याचंही आढळतं.

जिंजिव्हॅलिसकडे आणखी एक एन्झाइम आहे, ते प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. संधिवाताच्या एका प्रकारात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, अशाच सिट्रुलिनवाल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनतात. दोन आजारांचा संबंध दिसतो, पण एकाने दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे 'हिरड्या साफ करा, सांधे बरे होतील' ही जाहिरात खरी धरू नका.

अँटिबॉडीला मदत करायची तर थर हाताने मोडायचा. दिवसातून दोनदा 2 मिनिटं ब्रश, आणि दातांमधल्या फटीत इंटरडेंटल ब्रश, फटीत बसेल तेवढ्या जाडीचा. फक्त माउथवॉशने चुळा भरून भागत नाही, कारण हिरडीखालच्या थरापर्यंत तोही पोचत नाही. तिथलं कीटण काढायला डेंटिस्टच लागतो.