खडकवासला साखळी आणि रेजेक्स: पाणीसाठ्याचे आकडे वेचण्याचं काम कुठवर आलं

पावसाळा लागला की पुण्यात धरणांच्या पाणीसाठ्याचे मेसेज रोज फिरतात. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. मी हे मेसेज साठवतो आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रेजेक्स वापरून, म्हणजे मजकुरात काय शोधायचं याचा साचा (पॅटर्न) लिहून, त्यांतले आकडे काढून प्रत्येक मोसमाचा आलेख काढतो. मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय.

सध्याचा मुख्य पॅटर्न हा:

(टेमघर|वरसगाव|पानशेत|खडकवासला) *[:ः–-]* *([०-९]+(?:\.[०-९]+)?) *टीएमसी

चौकोनी कंसात कोलनशेजारी विसर्ग आहे, तो मुद्दाम. मराठीत टाइप करणारे कितीतरी जण कोलनऐवजी विसर्गच देतात: 'वरसगावः १२.८२ टीएमसी'. वाचताना फरक जाणवत नाही, पण नुसता कोलन शोधणारा पॅटर्न ही ओळ सोडून देतो. एडिटरमध्ये असा सुटा विसर्ग किंवा सुटी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. दिसू द्या, पॅटर्न बरोबर चालतो.

अंकांच्या बाबतीत पायथॉन फार सोयीचं आहे. बॅकस्लॅश-डी ही अंक शोधणारी खूण देवनागरी अंकही पकडते आणि मजकुराचा दशांश आकडा करणारं फ्लोट '१२.८२' सरळ स्वीकारतं. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंकांपुरता आहे. म्हणून मी अंक आधीच देवनागरी करून घेतो आणि पॅटर्नमध्ये [०-९] असं स्पष्ट लिहितो. तोच पॅटर्न मग दोन्हीकडे चालतो.

खरा घोळ बॅकस्लॅश-डब्ल्यूचा, म्हणजे शब्दातलं कुठलंही अक्षर पकडणाऱ्या खुणेचा. पायथॉनच्या रेजेक्ससाठीच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हं 'अक्षर' धरली जात नाहीत. 'पाणी' वर चालवलात तर 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे हाती येतात. शब्दाची सीमा सांगणारा बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर चालतो, त्यामुळे 'मुठ' हा सबंध शब्द शोधायला गेलात तर तो 'मुठा' मध्येही सापडतो, कारण काना त्याच्या लेखी शब्दाबाहेरचा! वेगळं इन्स्टॉल करायचं 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल मात्रांना शब्दाचा भाग धरतं. मराठी मजकुरावर काम करायचं असेल तर माझ्या मते तेच घ्यावं.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय: पॅटर्न लहान ठेवायचा आणि मजकूर आधी धुऊन घ्यायचा. उदाहरणार्थ 'येणाऱ्या पाण्याचा'. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुणी नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त देतं, कुणी साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं एकच अक्षर एकसारखं करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. ती अदलाबदल आपणच करायची, आणि अदृश्य चिन्हं पुसण्याच्या आधी करायची. जॉइनर आधी पुसला तर 'येणार्या' उरतं.

विभक्तीचा त्रास वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. टेमघर आणि पानशेत प्रत्यय लागले तरी तसेच राहतात, वरसगावचंही मूळ रूप शाबूत राहतं. बदलतो तो एकटा खडकवासला, त्यासाठी खडकवासल(?:ा|्या) पुरतं.

शब्दांत लिहिलेले आकडेही आता निघतात. 'साडेतीन टीएमसी', 'पावणेदोन टीएमसी' यांसाठी (सव्वा|साडे|पावणे) *(दोन|तीन|चार|पाच) असा गट आहे. सव्वा म्हणजे पाव मिळवा, साडे म्हणजे अर्धा मिळवा, पावणे म्हणजे पाव वजा करा. दीड, अडीच आणि पाऊण यांची यादी वेगळी, तिथे नियम लावत बसण्यात अर्थ नाही.

'गतवर्षी याच दिवशी' ने सुरू होणारी वाक्यं आकडे काढण्याआधीच बाजूला काढतो. मागे पाहणारी, म्हणजे आकड्याच्या आधी काय आहे ते तपासणारी अट घालून हे जमलं असतं, पण अंगभूत मॉड्यूलमध्ये त्या अटीची लांबी ठरलेली लागते आणि इथे मधला मजकूर कितीही असू शकतो. शेवटी पडताळणी: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७ या क्षमतांच्या वर गेलेला आकडा थेट तपासायच्या यादीत. चौघांची बेरीज मेसेजमधल्या 'एकूण' शी जुळली नाही तरी तेच.

आता विसर्ग घेतलाय, म्हणजे नदीत सोडलेलं पाणी; ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असं मोजतात. 'विसर्ग १२ हजार ९३६ क्युसेकवरून वाढवून १८ हजार ४८३ क्युसेक करण्यात आला' अशा वाक्यातला दुसरा आकडा हवा असतो:

(?:([०-९]+) हजार *)?([०-९]+)? *क्य[ुू]सेक(?! *वरून)

शेवटच्या (?! ने सुरू होणाऱ्या, पुढे पाहणाऱ्या अटीला लांबीचं बंधन नाही, त्यामुळे 'वरून' जोडून लिहिलेलं असो की तोडून, पहिला आकडा गळतो. दोन्ही गट रिकामे आले तर ती जुळणी टाकून देतो. क्युसेक ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही प्रकारे लिहितात, तेही यात आलं.

विसर्गाला वेळ जोडणं बाकी आहे, कारण एकाच मेसेजमध्ये सकाळची आणि सायंकाळची अशा दोन वेळा येतात. कोयना किंवा जायकवाडीचे जुने मेसेज कुणी जपले असतील तर थोडे नमुने द्या, याच पॅटर्नवर चालवून बघायचेत.