घड्याळ कोणत्या दिवशी बांधावे

गेली चार वर्षे मी मनगटावर स्मार्टवॉच बांधून धावते आहे आणि ते कधी बांधावे, कधी काढून ठेवावे, याविषयीचे माझे मत या काळात पूर्ण उलटे झाले आहे. पूर्वी जोरकस सरावाच्या दिवशी मी ते न चुकता बांधत असे आणि संथ धावण्याच्या दिवशी घरीच ठेवत असे, कारण संथ धावण्यात मोजण्यासारखे काही असते असे मला वाटत नव्हते. आता मी याच्या उलट करते.

याला कारण ठरली ती एक सकाळ. सोबतच्या माणसाशी सहज बोलता येईल इतक्या सावकाश मी धावत होते आणि घड्याळ हृदयाचे ठोके मिनिटाला १६८ दाखवत होते. मी घाबरून थांबले, मानेवर दोन बोटे ठेवली आणि पंधरा सेकंद नाडी मोजली. ३३ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १३२. मग तो १६८ कुठून आला? मिनिटाला मी तितकी पावले टाकत होते, तोच तो आकडा होता. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो प्रकाश शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, त्यावरून घड्याळ ठोक्यांचा अंदाज बांधते. पट्टा सैल असेल किंवा हात गार पडले असतील, तर हाताच्या झोक्यांची लय हीच नाडी आहे असा त्याचा समज होऊ शकतो. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडत असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा घोटाळा सहसा होत नाही.

जोरकस सरावात आणखी एक अडचण येते. तीस सेकंद जीव तोडून धावायचे आणि मग चालायचे, अशा सरावात मनगटावरचा आकडा मागे राहतो. तो वर चढेपर्यंत धावणे संपलेलेही असते. संथ धावण्यात मात्र ठोके स्थिर असतात, त्यामुळे घट्ट बांधलेले घड्याळ बऱ्यापैकी खरे सांगते, आणि हौशी धावपटूला आवर घालण्याची गरज असते तीही त्याच दिवशी, कारण आपल्यापैकी बहुतेक जण हलक्या दिवशी नको तितके वेगाने धावतात. फक्त हलके किंवा जोरकस धावणे ठरवण्यासाठी घड्याळात ठोक्यांचे जे तयार टप्पे असतात, ते तसेच वापरू नयेत. ते बहुधा कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात आणि एखाद्याचे खरे कमाल ठोके त्याहून दहा-बाराने सहज कमीजास्त असू शकतात.

कॅलरीच्या आकड्याकडे मी पाहतच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. त्यांपैकी सहा उपकरणांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. या आकड्यावर विसंबून जे जेवणाचा हिशेब मांडतात, त्यांची मला खरोखर काळजी वाटते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही मी विसरू शकत नाही. त्यात ४७१ तरुण सहभागी होते आणि आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सर्वांनाच मिळत होते, तरी दोन वर्षांनंतर हालचाल मोजणारे उपकरण वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले होते आणि न वापरणाऱ्यांचे ५.९ किलोने.

दहा हजार पावलांविषयी थोडेच सांगते. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलेमापकाच्या नावातून रूढ झाला. ‘मान्पो-केई’ या त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा आहे. ज्याला चालण्याची सवय अजून लागायची आहे, त्याला कोणताही आकडा उपयोगी पडतो. पण राहिलेली आठशे पावले भरण्यासाठी दमलेल्या पायांनी रात्री घरातल्या घरात फेऱ्या मारणाऱ्यांनी ते घड्याळ काही आठवडे कपाटात ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

जोरकस सरावाच्या दिवशी आता माझ्याजवळ एक वही असते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी एक मोजपट्टी तयार केली आहे. सराव संपला की धाप ओसरण्याआधीच मी त्या पट्टीवरचा आकडा वहीत लिहिते. पहिले काही आठवडे मी सगळीकडे १५ लिहीत होते. आता १४ आणि १६ यांतला फरक मला पायांतून आणि श्वासातून ओळखता येतो.