बुलफ्रॉगच्या टाक्यांपाशी: नर, मादी आणि पाण्याचं तापमान

ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यात एका बेडूकपालन केंद्रावर मी संशोधनासाठी गेले, तेव्हा मालकाची अपेक्षा सरळ होती. एका टाकीतले सगळे बेडूक एकाच वेळी विक्रीच्या वजनाला यावेत. शक्यतो माद्याच हव्यात, कारण माद्या अंगाने मोठ्या होतात आणि वयात आलेले नर हद्दीसाठी भांडतात.

सुरुवात तापमानापासून केली. तिथे पाळला जाणारा बुलफ्रॉग हा मोठा बेडूक मूळचा उत्तर अमेरिकेतला, ब्राझीलमध्ये तो १९३५च्या सुमारास आला. मूळ मुलखातल्या थंड तळ्यांत त्याचा बेडूकमासा दोन-तीन वर्षंही तसाच राहतो, उबदार पाण्यात मात्र तीनेक महिन्यांत त्याचा बेडूक होतो. मग पाणी तापवलं की काम झालं, असं कोणालाही वाटेल. दर आठवड्याला वजनं घेताना वेगळंच दिसायला लागलं. गरम टाकीतले लवकर बाहेर येत, पण लहानखुरे. थंड टाकीतले रेंगाळत आणि मोठे होऊन येत. वाढ होणं आणि बेडूक होणं या दोन वेगळ्या घडामोडी आहेत. दुसरी चालते थायरॉइडच्या हार्मोनवर. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर वाढ अर्धवट सोडून त्यांचे चिमुकले बेडूक झाले. गर्दीतही बेडूकमाशांची वाढ खुंटते. म्हणून बेडूकमाशांना फार न तापवता, विरळ वाढू द्यायचं आणि बेडूक झाल्यावर २८ अंशांच्या आसपास ऊब द्यायची, असं ठरवलं.

नर-मादीचा प्रश्न जास्त चिवट निघाला. मोठ्या नराच्या कानाचा पडदा डोळ्यापेक्षा मोठा असतो आणि गळा पिवळा. मादीचा पडदा साधारण डोळ्याएवढाच. पिल्लात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मूत्रपिंडाला चिकटलेली जननग्रंथी काढायची, अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाने रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. हे काम मी मनापासून केलं. त्या ठिपक्याएवढ्या ग्रंथीत कोवळी अंडी लालसर गोल दिसली की फार आनंद व्हायचा.

उष्णतेने लिंग बदलतं हे जुनं निरीक्षण आहे. विट्शी या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये वुड फ्रॉग या उत्तर अमेरिकी बेडकाचे बेडूकमासे ३२ अंशांत वाढवले, तेव्हा जनुकांनी मादी असलेले जीव नर झाले. म्हणजे आम्हाला हवं त्याच्या उलट, आणि तेही बेडूकमाशांना सोसणार नाही अशा उष्णतेत. उष्णतेचा मार्ग मी तिथेच सोडला.

राहिले नर-मादी घडवणारे हार्मोन. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून खाद्यावर फवारायचे, वाळवायचे आणि तुलनेच्या टाकीला नुसतं अल्कोहोल फवारलेलं खाद्य द्यायचं. ग्रंथीची दिशा ठरण्याआधीच हे सुरू व्हायला हवं. जात बदलली की हिशेबही बदलतो: झेनोपस या आफ्रिकी बेडकाला इस्ट्रॅडिओल हे मादीचं हार्मोन दिलं तर सगळ्या माद्या होतात, टेस्टोस्टेरॉन या नराच्या हार्मोनला तो फारशी दाद देत नाही. बुलफ्रॉगच्या जवळच्या राना गटातल्या बऱ्याच बेडकांत टेस्टोस्टेरॉन नर घडवतं, उलट इस्ट्रॅडिओलची मात्रा वाढली की काही जातींत चक्क नरच निघतात.

पण जो बेडूक ताटात जाणार, त्याला हार्मोन खाऊ घालणं मला पटत नव्हतं. टाकीचं पाणी ओढ्याला जाऊ देणं तर नाहीच. आम्ही ते कोळशाच्या गाळणीतून काढून वेगळं साठवत होतो. म्हणून लांबचा रस्ता धरला. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांच्या हिशेबाने मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय असेल, तर थोड्या पिल्लांना टेस्टोस्टेरॉन देऊन त्यांतल्या एक्सएक्स पिल्लांना नर करायचं आणि पुढे त्यांची जोडी साध्या मादीशी लावायची. संतती सगळी मादी, आणि हार्मोनचा थेंबही न लागलेली. हे आईबाप खूण करून वेगळे ठेवायचे, ते कधीच विकायचे नाहीत.

मालकाला तोवर एक उपाय लगेच देता आला. मोठा बुलफ्रॉग लहानाला गिळतो, त्यामुळे आकाराप्रमाणे वारंवार निवडणी करायची. तेवढ्याने टाक्या बऱ्याच एकसारख्या झाल्या. लांबच्या रस्त्याला मात्र वेळ लागणार होता. नर झालेला एक्सएक्स बेडूक बाहेरून ओळखू येत नाही, त्याची पिल्लं तपासूनच तो कळतो. मी परतले तेव्हा हार्मोन दिलेल्या नरांच्या जोड्या नुकत्या लागल्या होत्या.