शिऱ्यामुळे वाढलेली शुगर

मोतीबिंदूच्या शिबिरात सकाळी गर्दी होते ती नोंदणीपाशी. त्या दिवशी रांग तुंबली ती शुगरच्या टेबलापाशी, आणि तिथून पुढे जाणाऱ्यांपेक्षा परत फिरणारेच जास्त. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लायन्स क्लब दर जानेवारीत हे शिबिर घेतो. ज्वारीची काढणी एकदा लागली की म्हातारी माणसं रानातून हलत नाहीत, म्हणून जानेवारी. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी. तपासणी माझ्याकडे आणि मांडव, माणसं, जेवण, बस क्लबकडे, अशी वाटणी.

ग्लुकोमीटरवर 340, 290, 410 असे आकडे एकामागून एक येत होते. ज्यांना मधुमेहाचा काही त्रास नाही, गोळी नाही, घरात कुणाला नाही, त्यांचेसुद्धा. आम्ही ज्या बेस हॉस्पिटलला बसने शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पाठवतो त्यांचा दंडक आहे : शुगर 200च्या वर असेल तर बसमध्ये बसवायचं नाही. शुगर चढलेली असताना डोळा उघडला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे ‘घ्या हो, एवढ्या लांबून आलेत’ हे इथे चालत नाही.

आधी संशय गेला तो स्ट्रिप्सवर. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात, मुदत संपलेली असली तरी आकडा भलताच येतो. नवी डबी फोडली, दुसरं मशीन लावलं. आकडे तेच. मग क्लबचे एक सदस्य, जे औषधाचं दुकान चालवतात, त्यांनी एका आजींचं बोट हातात धरून नीट पाहिलं. नखाच्या कडेला रव्याचा कण आणि बोट तुपाने चकचकीत.

फाटकापाशी नाश्ता ठेवला होता. एका दात्याने हौसेने शिरा दिला होता, द्रोणात, चमच्याशिवाय. माणसं हाताने खाऊन, हात धोतराला नाहीतर पदराला पुसून रांगेत येत होती. टोचण्याआधी बोटाला स्पिरिटचा बोळा लावला जायचा, पण स्पिरिटने जंतू मरतात, साखर नीट निघत नाही. स्ट्रिपला लागतो तो रक्ताचा इवलासा थेंब. त्यात बोटावरचा पाक मिसळला की मशीन तोही मोजतं.

लगेच पाण्याचे ड्रम आणि साबण शुगरच्या टेबलाअलीकडे आणले. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे (ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो, ही उलटी चूक), पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. 410वाल्या आजी 148वर आल्या. परत फिरवलेल्यांना मांडवातून शोधून आणताना क्लबच्या पोरांची दमछाक झाली, कारण दोघेतिघे तोवर एसटी स्टँडवर पोचले होते. हात धुवूनही ज्यांची शुगर 260-280 राहिली, ते खरे मधुमेही. त्यांनी शिरा खाल्ला नसता तर आकडा थोडा कमी दिसला असता इतकंच. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली आणि गोळ्या सुरू करून पुढच्या फेरीला यायला सांगितलं.

शिबिरात टेबलांचा क्रम नुसता सोयीसाठी नसतो. सगळ्यात आधी नजर. सहा मीटरवरचा तक्ता, अक्षर न येणाऱ्यांसाठी ‘ई’चा, दांडे कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. सगळ्यात वरचं मोठं चिन्ह तेवढं दिसलं तर नजर 6/60. तेही नाही तर बोटं मोजायला लावायची, मग हात हलवून बघायचा, शेवटी बॅटरीचा उजेड. बारीक छिद्राच्या पट्टीतून तक्ता स्पष्ट दिसला, तर दोष बहुतेक चष्म्याचा. दरवेळी रांगेत बरेच लोक असे निघतात की ज्यांना शस्त्रक्रिया नको, चष्मा हवा.

मग बीपी आणि शुगर, त्यानंतर डोळ्याचा दाब, मग अश्रुनलिका, आणि बाहुली मोठी करायचे थेंब शेवटी. घाईत कुणी थेंब आधी टाकले तर नजरेचं माप बिघडतं आणि उन्हात माणूस डोळे उघडू शकत नाही. त्यातही आधी बॅटरी बाजूने धरून डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यामागची जागा उथळ आहे का ते बघावं लागतं. तशा डोळ्यात थेंब पडला तर दाब एकदम चढून काचबिंदूचा झटका येऊ शकतो. थेंबातल्या फिनाइलेफ्रिनने बीपीही वाढतं, म्हणून बीपी थेंबाच्या आधी.

अश्रुनलिकेच्या टेबलावर लोक बिचकतात. खालच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात जे बारीक भोक असतं, त्यात बोथट सुई घालून सलाइन सोडायचं. नळी मोकळी असेल तर पाणी नाकातून घशात उतरतं.

“आजी, खारट लागलं का घशात?”

“व्हय की, मिठाचं पानी हाय जणू.”

म्हणजे पास. पाणी वरच्या भोकातून उलटं आलं तर नळी बंद, आणि सोबत पू आला तर लासूर, म्हणजे अश्रूंच्या पिशवीत साठलेला पू. लासूर असताना मोतीबिंदू काढायचा नाही. त्या पिशवीतले जंतू थेट डोळ्यात जातात. आधी लासुराचं ऑपरेशन, नंतर मोतीबिंदू. नातेवाइकांना हे पटवणं जड जातं. “डोळ्याचं सांगा, नाकाचं काय काढलं?” हे हमखास ऐकायला मिळतं.

त्या दिवशी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो रुग्ण मोतीबिंदूचा नव्हताच. साठीच्या आसपासचे एक मामा ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून घरी थांबलेले. उजव्या डोळ्याचा दाब 38 (सर्वसाधारणपणे 10 ते 21 असतो), डाव्याचा 30. बाजूचं दिसणं गेलेलं, समोरचं तेवढं शाबूत. हा काचबिंदू. यात गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकते, आणि थेंब जन्मभर. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघायचा सल्ला गावोगाव दिला जातो. आजच्या शस्त्रक्रियेला त्याची गरज नाही; उलट फार पिकलेला मोती काढायला अवघड जातो. क्लबच्या सचिवांनी मामांच्या मुलाला बाजूला घेऊन थेंब बंद करायचे नाहीत हे दोनदा बजावलं. माझ्या मते शिबिराच्या अहवालात शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी अशा रुग्णांचाही रकाना हवा. बॅनरवर मात्र नेहमी शस्त्रक्रियांचाच आकडा झळकतो.

क्लबचं खरं कसब दिसतं ते बस सुटण्याआधी. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची, त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टी लावायची आणि कार्डावर ‘उजवा’ किंवा ‘डावा’ पूर्ण अक्षरांत लिहायचं. नुसतं ‘उ’ आणि ‘डा’ घाईच्या अक्षरात सारखंच दिसतं. प्रत्येकाकडे आधारची झेरॉक्स, चालू गोळ्या आणि घरच्यांचा मोबाइल नंबर असला पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कार्डावर लाल शाईने. नथ, बुगड्या घरी. डोक्यावरून आंघोळ आदल्या दिवशी उरकून घ्यायची, नंतर काही आठवडे पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नसतं.

पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं मांडून शस्त्रक्रिया व्हायच्या. जंतुसंसर्गाने डोळे गेल्याच्या घटनांनंतर ते बंद झालं आणि आता गावात फक्त तपासणी होते. हेलन केलर यांनी 1925 साली अमेरिकेतल्या अधिवेशनात आवाहन केलं तेव्हापासून लायन्सने डोळ्यांचं काम धरलं आहे. पण तालुक्याच्या क्लबाच्या वाट्याला त्यातलं बरंचसं येतं ते बस, चिकटपट्ट्या आणि फोन.

फोन पुढेही लागतातच. चार ते सहा आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढायला बोलवायचं असतं आणि निम्मे लोक येत नाहीत, कारण दिसायला लागलेलं असतं आणि ज्वारी उभी असते. म्हणून क्लबने त्या तपासणीसाठी आठवडी बाजाराचा वार धरला आहे. शिरा देणारे दाते नाराज होते. त्यांना आता बसमध्ये द्यायच्या जेवणाची पाकिटं दिली आहेत, तपासणी संपल्यावरची.