टाकीत सोडलेली हवा

मागच्या मे महिन्यात जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधे दोन दिवस नुसता डोक्याला ताप झाला होता. प्लास्टिकच्या नॉबवर क्रोम चढवायचं काम, आणि रॅक बाहेर आला की निम्मे पीस टकले. कुठे चढलंय, कुठे पांढरं एबीएस, म्हणजे नॉबचं प्लास्टिक, तसंच दिसतंय. क्रोमच्या खालचा पहिला थर निकेलचा, म्हणून सगळ्यांनी आधी धरलं निकेलच्या बाथला, म्हणजे टाकीला. पीएच बघ, हायपोफॉस्फाईट टाक, टेंपरेचर वाढव. सवयच आहे ना, निकेल जिथे चढत नाही तिथे निकेलचीच चूक!

प्लास्टिकमधून करंट जात नाही, म्हणून पहिला थर करंटशिवाय, केमिकलनेच बसवावा लागतो. त्यासाठी आधी एचिंग, म्हणजे क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडचं मिश्रण ६५ डिग्रीच्या आसपास, ते एबीएसमधल्या रबराचे बारीक गोळे खाऊन टाकतं आणि तिथे खड्डे पडतात. जात्याला टाकी मारतात तसंच, फक्त डोळ्याला दिसत नाही. (क्रोमिक ॲसिडमधलं हे क्रोमियम ६ कॅन्सर करणारं, हातमोजे न घालता जवळ फिरकणाऱ्याला मी सरळ शिव्या देतो.)

मग येतं ॲक्टिव्हेटर. पूर्वी आधी टिन क्लोराईड आणि नंतर पॅलेडियम क्लोराईड अशा दोन टाक्या असायच्या, १९६१ च्या शिप्लीच्या पेटंटमधे दोन्ही एकाच टाकीत आले. कोऱ्या चहासारखं गडद पाणी, त्यात पॅलेडियमचे अतिबारीक कण आणि त्यांच्याभोवती टिनचं कवच. कण खड्ड्यांत जाऊन बसतात, पुढच्या ॲक्सिलरेटरमधे कवच निघतं, पॅलेडियम उघडं पडतं, आणि निकेलमधे गेल्यावर हे कण विरजणाचं काम करतात. एकदा निकेल धरलं की तेच निकेल पुढच्या निकेलला विरजण, पॅलेडियमची गरज संपली. पीसवर बारीक बुडबुडे सुटले की आमचा जीव भांड्यात पडतो.

त्या दिवशी बुडबुडेच नव्हते. शेवटी संध्याकाळी मी वैतागून ॲक्टिव्हेटरचं झाकण काढलं तर पाणी फिकट आणि तळाशी काळा गाळ. बाजूने हवेचा पाईप सोडलेला!

नवीन पोरगं होतं, भुसावळकडचं, कामाला चांगलं. म्हणे, "साहेब, कॉपरच्या टाकीले हवा सोडतो ना आपण, मंग याले काय व्हते?" प्रश्न चुकीचा नव्हता हो. कॉपरला हवा लागतेच. पण इथे हवेतल्या ऑक्सिजनने टिनचा भार २ चा ४ होतो, कवच टिकवणारं २ वालं टिनच संपतं, मग कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. साधं पाणी जास्त गेलं तरी असंच फाटतं, म्हणून तर पीस आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे बुडवून घेतात, त्याला प्रीडिप म्हणतात. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, आणि मालकासमोर मात्र ओरडलो त्याच्यावर. ते अजून खुपतं.

नवीन ॲक्टिव्हेटर भरलं, तिसऱ्या दिवशी लॉट निघाला. जुना गाळ फेकला नाही, पॅलेडियम आहे त्यात. कॅनमधे भरून माझ्या टेबलाखाली ठेवलाय, आणि सोन्याच्या गावातली माणसं, येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो की भो, याचं काय येईल? मी म्हणतो, हात लावू नका.