यादी कधी लागणार?

मंगळवार, रात्र

आज आस्थापना शाखेत, म्हणजे नोकरभरतीचं काम बघणाऱ्या शाखेत, लेखी अर्ज दिला. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडले. मुलाखत झाली तेव्हा पेरण्या चालू होत्या. आता सोयाबीन काढणीला आलंय, तरी निवड यादी नाही. पद कंत्राटी आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं. तरी मला ते मनापासून हवंय. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी सरकारी दवाखान्यातली जागा आमच्याकडं रोज निघत नाही.

सकाळी दादा म्हणाले, "कशाला सारखं विचारायलीस? चिडले तर नाव काढतील." त्यांची भीती कळते मला. पण माझं नाव घाला असं मी कुठं म्हणते? यादी कधी लागणार, एवढंच विचारते. अंबाजोगाईला गाडी बदलून जावं लागतं. बायकांना एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून परवडतं, नाहीतर फोनवरच राहिले असते, आणि फोन कुणी उचलत नाही.

टेबलावरच्या मॅडम नीट बोलल्या. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाप्रमाणं कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याची नोंद, तपासायला विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडं गेलीय, ती आली की समितीच्या सह्या होतील, म्हणाल्या. पटण्यासारखं कारण आहे. मग तेच नोटीस बोर्डावर लावायला काय हरकत होती? बाहेर चहाच्या टपरीवर एक जण हटकून भेटतो, "फाईल हलवून देतो" म्हणतो. कार्यालय गप्प बसतं म्हणूनच त्याचं फावतं. माझ्याबरोबर मुलाखत दिलेल्या एका मुलीच्या घरी तर त्यासाठी पैशाची जुळवाजुळव चाललीय. तिला मी कळकळीनं सांगितलं, एक रुपया देऊ नको, आधी लेखी विचार.

अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं पहिलं अपील. "उशीर का झाला" असं विचारलं की "माहिती उपलब्ध नाही" म्हणायला वाट मिळते. म्हणून मी प्रस्तावावरच्या टिपण्यांची प्रत आणि फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, एवढंच मागणार आहे.

यादीत नाव आलं तरी नेमणुकीचा हक्क आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलंय. त्याच निकालात असंही आहे की सरकारला मनमानी करता येत नाही. पहिलं वाक्य वाचून त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्यानं जरा बळ आलं.

पुण्याच्या खासगी लॅबला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आज संध्याकाळी हो म्हटलं. माय नाराज झाली, पण इथं बसून यादी लवकर लागणार नाही, आणि हातातलं काम सुटायला नको. मोबाईल नंबर तोच ठेवतेय. अर्जावर पत्ता गावचाच आहे, म्हणून दादांना सांगितलंय, त्या कार्यालयाचं पाकीट आलं की लगेच उघडा आणि फोटो पाठवा. रुजू व्हायची मुदत पत्राच्या तारखेपासून मोजत असतील तर एकही दिवस वाया जायला नको.